पांढरी लोकर, काळा धागा: कार्बन फायबर नेमका घडतो कुठे?

पाषाणवाली | ११ जानेवारी, रात्री ९:४०

गेल्या रविवारी तुळशीबागेत लोकर आणायला गेले होते. बरोबर भाचा होता. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यांची टीम स्पर्धेसाठी छोटी रेसिंग कार बनवते आहे आणि बॉडीसाठी त्यांनी कार्बन फायबरचं कापड घेतलंय. दुकानात मी पांढऱ्या ॲक्रिलिक लोकरीची लड उचलली आणि त्याला म्हटलं, "तुमचं ते काळं कापड ह्याच कुळातलं बरं का." त्याला ते खरं वाटेना. रिक्षात घरी येईपर्यंत समजावत होते, पण निम्मंच सांगून झालं. उरलेलं इथे लिहिते. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. राज्याबाहेरच्या एका कारखान्यात अकरा वर्षं मी पांढरा धागा काळा होताना बघितलाय.

आपण जिला सर्रास कॅशमिलॉन म्हणतो ती लोकर म्हणजे पॉलिॲक्रिलोनायट्राइल. कारखान्यात सगळे 'पॅन' म्हणतात, मीही तेच म्हणते. कार्बन फायबरसाठी लागणारा पॅन जास्त शुद्ध असतो, त्यात मिसळलेले दुसरे घटक वेगळे असतात आणि तंतू फार बारीक असतो, पण कूळ एकच. जगातला नव्वद टक्क्यांहून जास्त कार्बन फायबर ह्याच पॅनपासून होतो.

पॅनची साखळी डोळ्यांपुढे आणा. कार्बनला कार्बन जोडत गेलेला लांबलचक कणा, आणि एकाआड एक कार्बनवर एक नायट्राइल गट, म्हणजे तिहेरी बंधाने बांधलेले कार्बन आणि नायट्रोजन. साखळीच्या एका एककाचं वजन ५३. त्यात कार्बन ३६, नायट्रोजन १४, हायड्रोजन ३. म्हणजे ६८ टक्के कार्बन धाग्यात आधीपासूनच आहे. बाकीचं घालवायचं आणि कार्बन जागच्या जागी ठेवायचा, एवढंच काम. पण 'जागच्या जागी' हे दोन शब्द फार महाग पडतात.

हा धागा सरळ मोठ्या भट्टीत घातला तर तो आकसतो, एकमेकांना चिकटतो आणि त्याचा बराचसा भाग वायू होऊन निघून जातो. म्हणून आधी २०० ते ३०० अंशांवर, उघड्या हवेच्या ओव्हनमध्ये, तास-दीड तास तो हळूहळू पुढे सरकवत तापवतात. तिथे नायट्राइलचा तिहेरी बंध उघडतो. एका गटाचा नायट्रोजन शेजारच्या गटातल्या कार्बनला धरतो आणि सहा अणूंचं वलय तयार होतं: पाच कार्बन, एक नायट्रोजन. एक वलय झालं की त्याला लागून दुसरं, मग तिसरं. होती दोरी, झाली शिडी. त्याच वेळी हवेतला ऑक्सिजन साखळीतला हायड्रोजन ओढून घेतो आणि तो पाणी होऊन बाहेर पडतो. थोडा ऑक्सिजन धाग्यातच मुरतो, वजनाच्या साधारण ८ ते १२ टक्के. रंग पांढऱ्याचा पिवळा, मग मधासारखा, मग तपकिरी, शेवटी काळा. ह्या काळ्या धाग्याला आता आच लावली तरी तो वितळत नाही. पण तो अजून कार्बन फायबर झालेला नाही.

माझं काम ह्याच ओव्हनपाशी होतं. दर तासाला प्रत्येक टप्प्यावरून धाग्याचा नमुना यायचा. (हजारो तंतूंचा जो पेड असतो त्याला आम्ही टो म्हणतो.) मी त्याची छोटी गाठ मारायची आणि काचेच्या उभ्या नळीत सोडायची. नळीत दोन द्रव अशा बेताने मिसळलेले असतात की वरून खाली जाताना घनता वाढत जाते. गाठ हळूहळू खाली उतरते आणि तिच्याइतक्याच घनतेच्या थरावर येऊन थांबते. कच्चा पॅन १.१८ चा (एका घन सेंटिमीटरला १.१८ ग्रॅम). पहिल्या ओव्हननंतर १.२२-१.२३, आणि शेवटच्या ओव्हनमधून १.३६ ते १.३८ ला थांबली की शिफ्टमधल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. १.३४ ला थांबली तर पुढच्या भट्टीत धागा तुटणार, आणि १.४२ ला गेली तर ऑक्सिजन जास्त मुरलाय, पुढे तो कार्बनला सोबत घेऊनच जाणार. ती काचेची नळी मला अजून स्वप्नात दिसते.

मला सांगायचंय ते एवढंच. कार्बन फायबर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर १५०० अंशांची लालबुंद भट्टी येते. त्या भट्टीत धागा जेमतेम काही मिनिटं असतो. तो बरा निघणार की वाईट, हे त्याआधी २५० अंशांच्या त्या ओव्हनमध्ये ठरून गेलेलं असतं.

लोकरीचा_गुंडा | ११ जानेवारी, रात्री १०:१५

किती छान लिहिलंयस! मी चाळीस वर्षं विणतेय, पण लोकरीच्या आत काय आहे ह्याचा विचार कधी मनात आला नव्हता. वाचताना मला बेसन भाजणं आठवलं. आच मोठी केली की वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. तुमचंही तसंच असतं का?

पाषाणवाली | ११ जानेवारी, रात्री १०:४०

करपण्याच्या बाबतीत अगदी तसंच. ऑक्सिजनला बाहेरून आत शिरायला वेळ लागतो. घाई केली तर तंतूची साल पक्की होते आणि गाभा कच्चा राहतो. तंतू आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बाहेर गडद कडं आणि आत फिका ठिपका स्पष्ट दिसतो. असा तंतू मोठ्या भट्टीत गेला की कच्चा गाभा वायू होऊन उडून जातो आणि आत पोकळी उरते. म्हणून तर तंतू इतका बारीक ठेवावा लागतो. जाड केला तर गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोचवायला किती वेळ द्यावा लागेल ह्याला सुमार नाही.

पण एक मोठा फरक आहे. बेसनाला उष्णता आपण देतो, गॅस बंद केला की ते निवायला लागतं. पॅनमध्ये वलयं तयार होताना तो स्वतःच उष्णता बाहेर टाकतो. ओव्हन २४० वर आहे म्हणून धागाही २४० वर आहे असं धरून चालत नाही.

मंचरचा_गडी | १२ जानेवारी, सकाळी ६:५०

ताई, हे आमच्याकडच्या गंजीसारखं झालं. कडबा नाहीतर गवत नीट न वाळवता, ओलं असतानाच रचलं की गंजी आतून तापते. वरून हात लावला तर काही कळत नाही. आमचे आजोबा लोखंडी पहार गंजीत खुपसून ठेवायचे, अर्ध्या तासाने काढून हात लावून बघायचे. चटका बसला की रात्र असो पाऊस असो, गंजी उलगडायची. शेजारच्या वाडीत एकाची अशीच पेटली होती, बाहेरून कुणी काडीसुद्धा लावली नव्हती. आतली धग बाहेर निघायला वाट नसली की ती साठत जाते.

पाषाणवाली | १२ जानेवारी, सकाळी ९:२०

@मंचरचा_गडी, तुमच्या आजोबांची पहार वाचून मी दोन मिनिटं थांबले. बेसनापेक्षा हा दाखला दहापट चपखल आहे. असं होताना मी डोळ्यांनी पाहिलंय, ते सांगते. कारखान्याचं नाव घेणार नाही.

रात्रपाळी होती. ओव्हनमध्ये टो शेजारी शेजारी पट्ट्यांसारखे पसरलेले असतात, त्यांच्यामधून गरम हवा जोरात वाहत असते. ती हवा धाग्याला तापवते आणि धाग्यातून निघणारी जास्तीची उष्णताही तीच वाहून नेते. त्या रात्री एका टोमधले काही तंतू तुटले आणि ओव्हनच्या तोंडाशी असलेल्या रोलरला चिकटले. रोलर फिरतच होता. तुटलेला तंतू शेजारच्या तंतूंना ओढतो, ते आणखी चौघांना. बघता बघता रोलरवर मनगटाएवढी गुंडाळी झाली. गुंडाळीच्या पोटात वारा पोचत नाही, उष्णता मात्र तयार होतच राहते. मी काचेच्या झरोक्यातून बघितलं तेव्हा बाकीचे पट्टे मधाच्या रंगाचे होते आणि रोलरवर एक काळंकुट्ट कडं होतं. त्या ठिकाणी काळा रंग दिसायलाच नको होता. हीटर बंद करायला ओरडून सांगितलं, पण आता हीटरचा प्रश्नच उरला नव्हता. आधी धूर, मग ज्वाळा. पाण्याचे फवारे सुटले, आम्ही सगळे बाहेर पळालो. कुणाला इजा झाली नाही. लाइन चार दिवस बंद राहिली.

नंतर कळलं की त्या रात्री रोलर तपासायची फेरी झालीच नव्हती, कारण दोन माणसांचं काम एकाकडे दिलं होतं. तो मुलगा बिचारा दुसऱ्या टोकाला धावपळ करत होता. चौकशीत ठपका त्याच्यावरच ठेवला गेला. मी तेव्हा बोलले, पण पुरेसं बोलले नाही, ह्याची खंत अजून आहे.

निवृत्त_मास्तर | १२ जानेवारी, दुपारी १२:०५

उत्तम धागा. मी रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे दोन गोष्टींची भर घालतो आणि एक दुरुस्ती सुचवतो.

दुरुस्ती आधी. 'एक वलय झालं की त्याला लागून दुसरं' हे खरं आहे, पण शिडी साखळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड होत नाही. साखळीवरचे नायट्राइल गट एका बाजूला शिस्तीत उभे नसतात, कोणी इकडे तर कोणी तिकडे. त्यामुळे काही पायऱ्यांची शिडी होते, मग खंड पडतो, मग पुन्हा थोड्या पायऱ्या. खंड पडलेल्या ठिकाणीच साखळी पुढे तुटते, आणि तिथल्या साखळ्या एकमेकींना आडव्या बांधायला ऑक्सिजनची मदत होते. म्हणून निव्वळ नायट्रोजनमध्ये तापवून वलयं झाली तरी ती शिडी हवेत बनलेल्या शिडीइतकी टिकाऊ नसते.

आता भर. शुद्ध पॅन तापवला तर बराच वेळ काहीच घडत नाही, आणि मग एकाएकी सगळी उष्णता एकदम बाहेर पडते. तिथे प्रक्रिया मुक्त मूलकांमार्फत (जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या अस्थिर तुकड्यांमार्फत) सुरू होते. कारखानदारांना हे परवडत नाही. म्हणून पॅन बनवतानाच त्यात एखाद-दोन टक्के इटाकोनिक आम्ल मिसळतात. त्याचा आम्ल गट शेजारच्या नायट्राइलवर हल्ला चढवतो आणि वलयांची सुरुवात आयनी (विद्युतभारित कणांच्या) मार्गाने, कमी तापमानाला, आस्ते आस्ते होते. उष्णता तेवढीच, पण ती रुंद पट्ट्यात विभागून बाहेर येते. मंचरच्या मित्राच्या भाषेत सांगायचं तर गंजी उलगडून पसरण्यासारखंच.

दुसरी भर अशी की विद्यार्थी नेहमी विचारत, पॅन नायलॉनसारखा वितळवून धागा का काढत नाहीत? कारण तो वितळण्याआधीच वलयं बनवू लागतो. अतिशय वेगाने तापवला तरच ३२० अंशांच्या आसपास वितळताना दिसतो. त्यामुळे तो द्रावकात विरघळवून, बारीक छिद्रांतून दुसऱ्या द्रवाच्या टाकीत सोडून धागा काढावा लागतो, आणि मग तो ताणून ताणून बारीक करतात. कच्चा माल महाग पडतो त्याचं एक कारण हेच.

पाषाणवाली | १२ जानेवारी, दुपारी १:३०

मास्तर, दुरुस्ती मान्य, आणि आभार. आम्ही प्रयोगशाळेत अवरक्त किरणांच्या यंत्रावर नमुना लावायचो (प्रत्येक प्रकारच्या बंधाचं आलेखावर ठरलेल्या आकड्याशी शिखर येतं) तेव्हा २२४० च्या आसपासचं नायट्राइलचं शिखर ठेंगणं होत जायचं आणि १५९० जवळ नवं उगवायचं. पण शेवटच्या ओव्हननंतरसुद्धा नायट्राइलचं शिखर पूर्ण पुसलं जायचं नाही. तुम्ही म्हणता ते खंड म्हणजेच ते.

तिसरं_वर्ष | १२ जानेवारी, रात्री ८:१०

मी तो भाचा. मावशी, रिक्षात एवढं सांगितलं नव्हतंस! दोन प्रश्न. आमच्या लॅबमध्ये मफल फर्नेस आहे, ११०० पर्यंत जातो. तुळशीबागेतल्या लोकरीचे थोडे धागे त्यात ठेवून बघू का? आणि ताण कशासाठी लागतो? सगळीकडे वाचतोय की ताण देऊन तापवतात, पण कारण कुणी सांगत नाही.

पाषाणवाली | १२ जानेवारी, रात्री ८:३५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. अजिबात नाही. हे मी मावशी म्हणून सांगते आहे आणि त्या ओव्हनपाशी अकरा वर्षं काढलेली बाई म्हणूनही. पॅन तापला की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो. ओव्हनमध्ये थोडा, पुढच्या भट्टीत भरपूर. सोबत अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड. कारखान्यात हे सगळे वायू बंद नळ्यांतून ओढून स्वतंत्र भट्टीत जाळून टाकतात, जागोजागी सेन्सर असतात, आणि सेन्सर वाजला की हातातलं काम टाकून बाहेर पडायचं हा नियम. तुमच्या लॅबच्या फर्नेसला धड धुराडंही नसेल. वास येईल मग कळेल असंही समजू नकोस, कित्येकांना हा वास येतच नाही.

आणि इतकं करून निघणार काय? वरवर राख झालेला, बोट लावलं की चुरा होणारा काळा गोळा. कारण ताण नाही.

पॅनचा धागा काढताना तो कित्येक पट ताणलेला असतो, त्यामुळे आतल्या साखळ्या धाग्याच्या लांबीला समांतर झोपलेल्या असतात. पण ही त्यांची राजीखुशीची अवस्था नव्हे. साखळीला गुंतून पडायला आवडतं. ऊब मिळाली की ती आखडायला बघते. ताणलेला रबर बँड तापवला की जास्तच आकसतो ना, कारण तेच. म्हणजे वलयं तयार व्हायच्या आधीच साखळ्या विस्कटल्या तर शिडी वेडीवाकडी होणार, आणि एकदा शिडी झाली की ती पुन्हा सरळ करता येत नाही. पुढे ह्या शिड्यांचेच कार्बनचे थर होतात. ते थर धाग्याच्या लांबीला समांतर राहिले तरच त्यात ताकद. म्हणून ओव्हनच्या दोन्ही टोकांच्या रोलरचा वेग असा जुळवायचा की धागा आखडू पाहील, पण आपण त्याला आखडू द्यायचं नाही.

जुनी_पानं | १२ जानेवारी, रात्री १०:५०

ताणाच्या गोष्टीला इतिहास आहे, थोडा विस्ताराने लिहितो.

एडिसनने १८७९ साली दिव्यासाठी सुती धागा जाळून कार्बनची तार केली. पुढच्याच वर्षी तो बांबूकडे वळला. जपानमधल्या क्योतोजवळच्या बांबूची तार हजार तासांहून जास्त जळली. ह्या तारा ठिसूळच होत्या, पण प्रकाश द्यायचा होता, वजन पेलायचं नव्हतं. टंगस्टन आल्यावर त्या मागे पडल्या.

१९५० मध्ये हौट्झ नावाच्या संशोधकाने ऑर्लॉन ह्या पॅनच्या धाग्याबद्दल लिहिलं की हवेत २०० अंशांवर ठेवला तर तो काळा होतो आणि मग आगीला दाद देत नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकनने ग्रॅफाइटचे केसासारखे स्फटिक बनवून दाखवले, त्यांची ताकद त्या वेळी अविश्वसनीय वाटावी अशी होती. आणि त्याच सुमाराला ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेत अकिओ शिंदो ह्यांनी पॅनपासून कार्बन फायबर बनवला. आजच्या उद्योगाचं मूळ तिथे आहे.

ताणाचं श्रेय मात्र इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान-संशोधन संस्थेतल्या विल्यम वॉट ह्यांच्या गटाकडे जातं. १९६० च्या दशकात त्यांनी धागे चौकटींवर घट्ट गुंडाळून हवेत तापवले, म्हणजे आखडायची सोयच ठेवली नाही. आणि धाग्याचा ताठपणा एकदम कितीतरी वाढला. चौकटीवर गुंडाळायची साधी कल्पना, पण सगळं त्यावर फिरलं.

ह्याच धाग्याने रोल्स-रॉइसला फार मोठा फटकाही दिला. आरबी-२११ ह्या विमानाच्या इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती त्यांनी कार्बन फायबरची केली होती. पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत, टायटॅनियमकडे वळावं लागलं आणि १९७१ च्या फेब्रुवारीत कंपनी दिवाळखोरीत गेली. दोष पात्यांचा एकट्याचा नव्हता, पण त्यांचा वाटा होता. त्याच वर्षी जपानच्या तोरे कंपनीने कार्बन फायबरचं व्यापारी उत्पादन सुरू केलं.

लोकरीचा_गुंडा | १३ जानेवारी, सकाळी ११:००

सायनाइड वाचून पोटात गोळा आला. माझ्या नातीचे सगळे स्वेटर ह्याच लोकरीचे आहेत!

पाषाणवाली | १३ जानेवारी, सकाळी ११:२५

घाबरू नका. अंगावर घालण्यात, धुण्यात, उन्हात वाळत घालण्यात काहीही धोका नाही. नायट्रोजन साखळीत घट्ट बांधलेला आहे, तो सुटायला २००-३०० अंश लागतात. फक्त दोन गोष्टी पाळा. लोकरीचे उरलेले तुकडे शेकोटीत किंवा बंबात टाकू नका, आणि लहान मूल शेकोटीजवळ बसणार असेल तर त्याच्या अंगावर सुती कपडा असू द्या, कारण ॲक्रिलिक जळताना वितळून कातडीला चिकटतं.

भोसरी_साचा | १३ जानेवारी, रात्री ९:०५

आमचं भोसरीत कंपोझिटचं छोटं वर्कशॉप आहे. कापड आमच्याकडे तयार येतं, त्यामुळे ते बनतं कसं हे आज पहिल्यांदा नीट कळलं. माझा प्रश्न मोठ्या भट्टीचा. तिथे नक्की काय होतं ते ताईंनी लिहिलंच नाही. आणि बॉबिनवरचा धागा हाताला किंचित बुळबुळीत लागतो, ते काय असतं?

पाषाणवाली | १३ जानेवारी, रात्री ९:५०

खरं आहे, माझं मन ओव्हनपाशीच घुटमळतं.

ओव्हननंतर हवा बंद, नायट्रोजन सुरू. आता ऑक्सिजनचा कण जरी शिरला तरी कार्बन जळेल. पहिली भट्टी ७०० अंशांपर्यंतची. तिथे शेजारशेजारच्या शिड्यांमधून हायड्रोजन निघून जातो आणि त्या कडेला कडा लावून जुळतात. डांबरासारखा मळ आणि सगळ्यात जास्त वायू इथे निघतात, म्हणून इथे धागा सावकाश नेतात. दुसरी भट्टी १२०० ते १५०० अंशांची. तिथे वलयांतले नायट्रोजन बाहेर ढकलले जातात, त्यांच्या जागी कार्बनच कार्बनला भिडतो आणि षटकोनांचे थर रुंद होत जातात. शेवटी ९२ ते ९५ टक्के कार्बन उरतो, बाकी मुख्यतः नायट्रोजन.

एक हिशेब मला फार आवडतो. १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पॅनचा तंतू शेवटी ७ मायक्रॉनचा होतो, म्हणजे क्षेत्रफळ साधारण एक तृतीयांश. घनता १.१८ वरून १.८, म्हणजे दीडपट. एक तृतीयांश गुणिले दीड, निम्मं. धाग्याची लांबी आपण ताणाने धरून ठेवलेली, तेव्हा वजन निम्मं. दोन किलो पॅन टाका, एक किलो कार्बन फायबर. दोन मापांवरून तिसरं असं अचूक निघालं की मन भरून येतं. रेयॉनपासून केला तर चार किलोंमागे एक किलोही मुश्किलीने मिळतो, कारण रेयॉन म्हणजे सेल्युलोज, आणि त्यात मुळात कार्बनच ४४ टक्के.

आणखी वर, २००० च्या पुढे नेला तर धागा अधिक ताठ होतो, पण ताकद १५०० च्या आसपासच सर्वांत जास्त असते. तिथे नायट्रोजनही चालत नाही, तापलेला कार्बन त्याच्याशीच संयोग करायला लागतो, म्हणून आर्गॉन लागतो.

बुळबुळीतपणाबद्दल: भट्टीतून आलेला धागा इतका निर्विकार असतो की रेझिन (कापडाचे थर एकत्र बांधणारा, नंतर कडक होणारा चिकट द्रव) त्याला धरतच नाही. म्हणून तो विजेचा प्रवाह सोडलेल्या द्रावणातून नेतात, पृष्ठभागावर थोडे ऑक्सिजनचे गट बसतात. मग इपॉक्सी नावाच्या रेझिनच्या जातीचा पातळ लेप. हाताला लागतो तो हाच. कापड घेताना हा लेप तुमच्या रेझिनशी जुळणारा आहे का, हे विचारून घ्या.

भोसरी_साचा | १३ जानेवारी, रात्री १०:३०

विचारून घ्या हे लाख मोलाचं. आम्ही एकदा इपॉक्सीसाठीचं कापड दुसऱ्याच रेझिनमध्ये वापरलं होतं. पार्ट दिसायला आरशासारखा, पण साच्यातून काढून कडा घासायला घेतली तर थर वहीच्या पानांसारखे सुटले. आठवड्याचं काम गेलं.

भाच्यासाठी सांगतो. कापताना, घासताना मास्क, ग्लोव्ह्ज, पूर्ण बाह्या. तंतू केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो, कातडीत घुसतो आणि दिसतही नाही. दुसरं म्हणजे ही धूळ वीज वाहून नेते. आमच्याकडे ग्राइंडरच्या शेजारच्या बोर्डात ती साचली आणि स्विच टाकला तेव्हा ठिणगी उडाली. तेव्हापासून बोर्ड भिंतीपलीकडे नेला.

तिसरं_वर्ष | १४ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

आज तिळगूळ घ्यायला मावशीकडे गेलो होतो. तिने एका डबीत तीन टो जपून ठेवलेत: पांढरा, ओव्हनमधला काळा आणि पूर्ण झालेला. गच्चीवर जाऊन, तिच्या देखरेखीखाली, ओव्हनमधल्या काळ्याचं बोटभर टोक पकडीत धरून लायटरची ज्योत लावली. लाल झालं, ज्योत काढली की लगेच विझलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. वितळलं नाही, थेंब पडला नाही. मावशी म्हणाली हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, ह्याला जळत राहायला ४५ च्या वर लागतो, म्हणून वेल्डिंगच्या ठिणग्या अडवायची चादर ह्याच्यापासून करतात. हातात घेतला तर तो मऊ, थोडासा कापसासारखा. तिसरा टो मात्र थंड आणि चकचकीत, दुमडला तर तटकन तुटतो.

मीटर लावून बघितलं. ओव्हनमधला काळा वीज वाहूच देत नाही. तिसरा लगेच देतो. दोन्ही सारखेच काळे! पूर्ण झालेला टो १२ हजार तंतूंचा आहे. धाग्याची ताकद ४,९०० मेगापास्कल (म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ४,९०० न्यूटन) धरून मी हिशेब केला: सगळं मिळून क्षेत्रफळ अर्धा चौरस मिलिमीटरही नाही, आणि कागदावर २०० किलोच्या वर पेलतो.

पाषाणवाली | १४ जानेवारी, रात्री ८:००

दोघांतला फरक हाच की शिडीपर्यंत पोचलेल्यात इलेक्ट्रॉन छोट्या छोट्या तुकड्यांत अडकलेले असतात. मोठ्या भट्टीत थर रुंद झाले की त्यांना पळायला मोकळं मैदान मिळतं. मीटरवर तू जे पाहिलंस ते नायट्रोजन निघून गेल्याची खूण आहे.

भोसरी_साचा | १४ जानेवारी, रात्री ९:२०

मीटर लावलाच आहेस तर पुढचं ऐक. वीज वाहते म्हणून कार्बन फायबर ॲल्युमिनियमला थेट टेकू द्यायचा नाही. मध्ये ओल आली की ती बॅटरीच होते आणि ॲल्युमिनियम गंजत जातं, पांढरी भुकटी सुटते. तुमच्या गाडीत बॉडीला ब्रॅकेट कशाचे आहेत?

तिसरं_वर्ष | १४ जानेवारी, रात्री ९:३५

ॲल्युमिनियमचेच. सहा ठिकाणी. थेट बोल्ट केलेत.

भोसरी_साचा | १४ जानेवारी, रात्री ९:४५

काढा. प्रत्येक ब्रॅकेटखाली काचेच्या कापडाचा एक थर इपॉक्सीने लावा, ब्रॅकेटपेक्षा बोटभर मोठा. भोकाच्या आतल्या कडेलाही इपॉक्सी भरा, बोल्ट तिथेच टेकतो. काचेचं कापड नसेल तर उद्या संध्याकाळी सहानंतर वर्कशॉपवर ये, तुकडे पडलेत, घेऊन जा.

तिसरं_वर्ष | १४ जानेवारी, रात्री ९:५०

येतो. मीटरही आणतो, थर लावल्यावर ब्रॅकेट आणि बॉडीमध्ये वीज वाहते का ते तिथेच बघू.